चर्चमधील मंद प्रकाश आणि वेगवान भिंग



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अशी समजूत होती की आम्ही किमान वेतनावर बोलू, नाही तर कंत्राटी कामगारांवर. ती समजूत चुकीची नव्हती. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. परंतु वसंत ऋतूत माणसाने एखादा दिवस आपल्या आवडीचेही बोलावे. म्हणून आज विषय घेतला आहे चर्चच्या आतल्या मंद उजेडात छायाचित्र कसे घ्यावे हा. आमचे शिक्षण शाळेत अर्धेच झाले, उरलेले नगरवाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे जे सांगू ते पुस्तकात वाचलेले आणि स्वतः चुकून शिकलेले असे मिश्र आहे. चुकलेले अधिक आहे, हे आधीच कबूल करतो.

कामगार संघटनेच्या माणसाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध एका फसलेल्या पुराव्यामुळे आला. १९९६ साली एका कारखान्याच्या शेडमध्ये उजेड इतका अपुरा होता की लेथवरच्या माणसाला मापाची रेघ दिसत नसे. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या १७ व्या कलमात पुरेशा व योग्य उजेडाची तरतूद होती. आम्ही उसना कॅमेरा घेतला, फ्लॅश लावला आणि शेडचे फोटो काढून मोठ्या तोऱ्याने चर्चेच्या टेबलावर ठेवले. समोरच्या गृहस्थांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “यात तर सगळे लख्ख दिसते आहे. अंधार कुठे आहे?” आम्ही निरुत्तर झालो. ज्या अंधाराची तक्रार करायची, तो अंधारच आमच्या फ्लॅशने पुसून टाकला होता!

त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. जागेचा खरा उजेड दाखवायचा असेल तर आपला उजेड तिथे नेऊन चालत नाही; तिथे जो आहे त्यावरच भागवले पाहिजे. पुढे जुन्या बाजारात एक ५० मिलिमीटरचे, एफ १.४ चे भिंग मिळाले. ते घेतले कारखान्यासाठी, पण त्याची खरी शाळा भरली ती वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्ये. कारण मंद उजेड कसा असतो, तो कुठून येतो आणि कुठे संपतो, हे शिकायला चर्चइतकी चांगली जागा नाही.

प्रथम ही जागाच पाहू. आपण जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेसमोर उभे आहोत असे समजा. ह्या वास्तूचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे अभिमंत्रण झाले. बाहेर जांभ्या दगडाची तांबूस भिंत उन्हात तापलेली असते. दारातून आत पाऊल टाकले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू, दूरवर, मुख्य वेदीमागचे सोन्याच्या मुलाम्याचे लाकडी कोरीव काम उमटू लागते. संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती, तिच्या वरचे ते तेजोवलय. उजव्या अंगाला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला आणि तो १६९८ मध्ये इथे उभा राहिला. त्यावर चांदीची पेटी आहे. जवळच सी कॅथीड्रल आहे. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि त्याची लांबी सुमारे ७६ मीटर भरते. जुन्या गोव्यातील ही चर्चे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आता ह्या वास्तूंत उजेड कसा येतो ते बघा. भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि मंडपाच्या मानाने थोड्या. गोव्यातील जुन्या इमारतींत आणखी एक युक्ती असे. काच दुर्मीळ होती, म्हणून खिडकीच्या लाकडी चौकटीत चपट्या शिंपल्यांचे पातळ, घासलेले तुकडे बसवीत. शिंपला उजेड अडवत नाही, पण तो सरळही जाऊ देत नाही, पसरवून देतो. बाहेर कितीही कडक ऊन असो, आत येते ते दुधासारखे होऊन येते. अशा उजेडात माणसाच्या चेहऱ्यावर कठोर सावली पडत नाही. छायाचित्रकार स्टुडिओत पांढरा पडदा लावून हेच साधतो. शिंपले घासणाऱ्या त्या अनामिक कारागिरांनी ते आपल्याआधी साधून ठेवले होते.

परंतु हा उजेड सुंदर असला तरी थोडा असतो. किती थोडा, याचा हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय आमचे समाधान होत नाही.

कॅमेऱ्यात उजेडाचा जमाखर्च तीन खात्यांत असतो. पहिले खाते भिंगाच्या तोंडाचे : ते किती उघडे आहे. दुसरे शटरचे : ते किती वेळ उघडे राहते. तिसरे फिल्मच्या किंवा आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाच्या चपळाईचे, ज्याला आयएसओ म्हणतात. भिंगावर एफ १.४, एफ २, एफ २.८, एफ ४, एफ ५.६, एफ ८, एफ ११, एफ १६ असे आकडे असतात. हे आकडे गोंधळात टाकतात, कारण आकडा लहान तर तोंड मोठे. त्याचे कारण साधे आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला तोंडाच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ १.४ म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे तोंड. तेच एफ १६ ला जेमतेम ३ मिलिमीटर. ह्या रांगेत एक घर पुढे गेले की उजेड निम्मा होतो. एफ १.४ पासून एफ १६ पर्यंत सात घरे आहेत, म्हणजे १२८ पटींचा फरक. पहिली बादलीची धार, दुसरी नळाची ठिबक. ज्या भिंगाचे तोंड इतके मोठे उघडते त्याला ‘वेगवान’ म्हणतात. भिंग स्वतः धावत नाही. शटरला लवकर मिटता येते, एवढाच त्याचा अर्थ.

आता चर्चच्या अंगणातून आत जाऊ. अंगणात लख्ख ऊन आहे. आयएसओ १०० ठेवले, एफ १६ ठेवले, तर १/१२५ सेकंद पुरतो. आत मंडपात, वेदीपासून दूर, उजेड अंगणाच्या सुमारे एक हजारांश असतो. डोळ्याला हे पटत नाही, कारण डोळा फार उदार आहे. तो जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही. तेच एफ १६ ठेवले तर आता ८ सेकंद लागतील. कॅमेऱ्याबरोबर येणारे साधे भिंग पूर्ण उघडून एफ ५.६ केले तर १ सेकंद. वेगवान भिंग एफ १.४ ला उघडले तर सुमारे १/१५ सेकंद. आणि आयएसओ १०० वरून ८०० केले, म्हणजे आठपट वाढवले, की पुन्हा १/१२५ सेकंद. अंगणातला वेग आपल्याला आत परत मिळाला! पण फुकट नाही मिळाला. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली, ती आता सांगतो.

पहिली किंमत आयएसओची. पुष्कळांना वाटते की आयएसओ वाढवले म्हणजे कॅमेरा अधिक उजेड घेतो. तसे नाही. उजेड तितकाच येतो. कॅमेरा फक्त तो मोठा करून सांगतो. कमी उजेडात चित्रावर जी रवाळ पूड दिसते, तिचे मूळ उजेडाच्या टंचाईतच आहे. अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवा. मुसळधार पाऊस पडला तर सगळ्या वाट्यांत पाणी जवळजवळ सारखे. चार शिंतोडे पडले तर एका वाटीत तीन थेंब, दुसरीत एक, तिसरी कोरडी. उजेडाचेही थेंब असतात. सरासरी १०,००० थेंब पडले तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे शेकडा १. सरासरी १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे शेकडा १०. तीच ती पूड. म्हणून भिंगाचे तोंड मोठे करून प्रत्यक्ष जास्त थेंब गोळा करणे हा आयएसओ वाढवण्यापेक्षा मूलगामी उपाय आहे.

दुसरी किंमत भिंगाची, आणि ती अधिक कडक आहे. तोंड जितके मोठे, तितकी स्पष्टतेची खोली कमी. पूर्ण चौकटीच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या, कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.४ ला उघडून ३ मीटरवरच्या माणसाचे चित्र घेतले, तर पुढेमागे मिळून जेमतेम ३० सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. दीड मीटरवर ती ७-८ सेंटिमीटर उरते : डोळे स्पष्ट आणि कान अस्पष्ट, अशी अवस्था. १० मीटरवर मात्र तीच खोली तीन मीटरांच्या वर जाते. यातून एक नियम निघतो. ज्याला दारापासून वेदीपर्यंत सगळा मंडप एका चित्रात सुस्पष्ट हवा, त्याच्या कामाचे एफ १.४ नाही. त्याने कॅमेरा बाकाच्या पाठीवर किंवा खांबाला टेकवून ठेवावा. एफ ८ ला, आयएसओ १०० ला, २ सेकंद शटर उघडे ठेवावे. आणि बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून कॅमेऱ्यातील घड्याळाने ते दाबू द्यावे. दगडाला घाई नसते. वेगवान भिंगाची गरज जिवंत माणसांसाठी आहे, जी हलतात, गुडघे टेकतात, उठतात, हात जोडतात.

चर्चची उत्तम छायाचित्रे वेगवान भिंगाच्या कितीतरी आधीपासून निघत आली, ती ह्याच सबुरीच्या मार्गाने. फ्रेडरिक एव्हान्स हे गृहस्थ लंडनमध्ये पुस्तकांचे दुकान चालवीत. १८९८ मध्ये दुकानातून निवृत्त होऊन त्यांनी उरलेले लक्ष कॅथीड्रलांच्या छायाचित्रणाला वाहिले. १९०३ मध्ये इंग्लंडातील वेल्स कॅथीड्रलमधल्या झिजलेल्या दगडी पायऱ्यांचे त्यांनी घेतलेले चित्र आजही नावाजले जाते. त्या पायऱ्या समुद्राच्या लाटांसारख्या दिसतात, आणि चित्राचे नावही त्यांनी त्याच अर्थाचे ठेवले. भिंगाचे तोंड बारीक, वेळ लांब आणि उजेड कोणत्या घटकेला कुठे पडतो याचे निरीक्षण त्याहून लांब. एका पुस्तकविक्याने हे केले, ही गोष्ट आमच्यासारख्या अर्धशिक्षिताला मोठा धीर देते.

वेगवान भिंगाचा इतिहासही दोन शब्दांत सांगतो. १८३९ मध्ये छायाचित्रण जगापुढे आले तेव्हाचे भिंग इतके मंद होते की माणसाला उन्हात मिनिटेच्या मिनिटे खिळून बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनी सुमारे एफ ३.६ चे भिंग गणिताने काढले; ते आधीच्यापेक्षा पंधरा-सोळा पट उजेड घेणारे होते. त्या गणितासाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील आकडेमोडीत तरबेज असे शिपाई त्यांच्या दिमतीला दिले होते, असे इतिहासकार नमूद करतात. त्या शिपायांची नावे कोणत्याही भिंगावर कोरलेली नाहीत, हे आमच्यासारख्याच्या लक्षात राहायचेच. पुढे १९२४ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने लुडविग बेर्टेले यांच्या रचनेचे एफ २ चे भिंग लावून एर्मानॉक्स हा कॅमेरा काढला. त्याच्या बळावर एरिख सालोमोन यांनी कोर्टातली आणि परिषदांतली चित्रे फ्लॅशवाचून घेतली. १९३२ मध्ये बेर्टेले यांचेच एफ १.५ चे सोन्नार आले. आणि १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ ह्या चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिक यांनी मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग एफ ०.७ च्या भिंगाने टिपले; ते भिंग मुळात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी झाइस कंपनीने बनवले होते.

यात एक शोध असा आहे की त्याच्याशिवाय हे सगळे निम्मे व्यर्थ ठरले असते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शेकडा सुमारे ४ उजेड परत फिरतो. वेगवान भिंगात काचा पुष्कळ. समजा असे १२ पृष्ठभाग आहेत, तर पलीकडे शेकडा ६१ च पोचतो. उरलेला नुसता वाया जात नाही, आतल्या आत फिरून चित्रावर धुके पसरवतो. १९३५ मध्ये झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. आपल्या भिंगावर जांभळट किंवा हिरवट झाक दिसते ती त्याचीच. चर्चमध्ये तिचे महत्त्व विशेष, कारण अंधाऱ्या मंडपात एक झगझगीत खिडकी चौकटीत असतेच.

ती खिडकी आणि ती सोनेरी वेदी, ही दोन्ही कॅमेऱ्याला फसवतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक अडाणी कारकुनासारखा असतो. त्याला एकच शिकवलेले आहे : समोरचे सगळे मिळून मध्यम करडे असले पाहिजे. चौकटीत खिडकी आली की तो घाबरतो, उजेड फार आहे असे समजून तोंड आवळतो, आणि माणसे काळीठिक्कर होतात. उलट काळ्या झग्यातील फादर आणि काळे लाकूड चौकटीत भरले तर तो उजेड वाढवतो आणि वेदीवरचे सोने पांढरेफटक होते. यावर उपाय असा. खिडकी सोडून, खिडकीच्या उजेडात न्हालेल्या भिंतीचे किंवा स्वतःच्या तळहाताचे माप घ्यावे आणि ते कायम करून मग चौकट जुळवावी. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक घर उजळ असतो, तेवढे लक्षात ठेवून उजेड एक घर वाढवावा. फिल्म असेल तर सावल्यांना पुरेल इतका उजेड द्यावा. डिजिटल असेल तर उलट : सोने आणि मेणबत्ती जळून जाणार नाही इतकाच द्यावा, कारण तिथे पांढरे झालेले परत मिळत नाही, सावली मात्र पुढे थोडी उचलता येते.

रंगांचाही गोंधळ असतो. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्व्हिनचा, तारेच्या दिव्याचा २८०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, आणि नुसत्या निळ्या आकाशाकडून येणारा त्याहून निळा. एकाच चर्चमध्ये हे चारही एकत्र नांदतात. सगळ्यांना एकाच वेळी पांढरे करता येत नाही, आणि करूही नये. माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड आहे तो प्रमाण धरावा. मेणबत्ती पिवळी आणि खिडकी निळसर राहू द्यावी. मेणबत्तीबाबत आणखी एक लक्षात ठेवावे. तिच्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. एक मीटरवरची आजी उजळ आणि दोन मीटरवरचा नातू अंधारात, असे होते. तसेच अलीकडे चर्चमध्ये ट्यूबा आणि एलईडी दिवे आले आहेत. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणून असे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर फार जलद ठेवले तर चित्रात पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० ठेवावे.

भिंग पूर्ण उघडले की त्याचे दोषही उघडे पडतात. कडा मवाळ येतात, कोपरे काळवंडतात, चौकटीच्या कोपऱ्यातील मेणबत्त्यांना पाखरासारखे पंख फुटतात. एफ १.४ वरून एफ २ केले, एवढ्या एका घराने पुष्कळ सुधारणा होते. उजेड पुरत असेल तर ते एक घर जरूर मागे यावे. आणि छत उंच दिसावे म्हणून कॅमेरा वर तिरपा करू नये. खांब मागे पडल्यासारखे दिसतात. कॅमेरा समतल धरून मागे जावे, किंवा परवानगी मिळाली तर गायकांच्या सज्जावर जावे.

श्रोतेहो, इथवर झाले ते तंत्र. आता एक प्रसंग सांगतो आणि संपवतो.

वसईकडच्या एका गावातले आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, लेथवर काम करणारे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. वर सांगितलेल्या त्या शेडमध्ये त्यांच्या आयुष्याची अठ्ठावीस वर्षे गेली होती. २०१४ साली त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली आणि गावच्या चर्चमध्ये मिस्सा ठरली. काकांना श्वासाचा विकार जडला होता. दहा पावले चालले की थांबावे लागे. काकू आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लग्नात आमचा फोटो निघालाच नाही रे. पैसे कुठे होते? आता तरी एक काढ. पण ह्यांच्या तोंडावर तो झगमगाट नको, ह्यांना दम लागतो.” फादरांनीही तेच सांगितले : “फोटो जरूर काढा. पण मिस्सा चालू असताना फ्लॅश नको, आणि वेदीजवळ फिरू नका. लोक प्रार्थनेला आले आहेत.” त्यांचे म्हणणे योग्यच होते. उपासनेला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दिवा मारणे म्हणजे सभेत बोलणाऱ्याचा माइक ओढून घेणे. परवानगी आधी घ्यावी, फलकावरचा नियम वाचावा, जागा एकदा ठरवून तिथेच राहावे, आणि ज्याला आपला फोटो नको त्याच्यावरून कॅमेरा फिरवून न्यावा. हे नियम भिंगाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत.

आदल्या दिवशी, मिस्सेच्याच घटकेला, आम्ही जाऊन बसलो. सकाळी साडेआठला पूर्वेच्या खिडकीतून येणारा उजेड डावीकडच्या पहिल्या बाकावर पडतो, हे बघून ठेवले आणि काकाकाकूंना तिथे बसवण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन मीटरांवर, खांबाला खांदा टेकून, उभे राहिलो. आयएसओ ८००, एफ १.४, १/१२५ सेकंद. हिशेब सगळा बरोबर होता. तरी चुकायचे ते चुकलोच. पहिली पंचवीस-तीस चित्रे वाया गेली, कारण कॅमेरा आपल्या मनाने त्यांच्यामागच्या मेणबत्तीला चिकटत होता; मेणबत्तीची ज्योत सुईसारखी स्पष्ट आणि काकांचा चेहरा लोण्यासारखा. हे लक्षात आले तेव्हा आपोआप जुळवणारी सोय बंद केली, हाताने भिंग फिरवून काकूंच्या चष्म्याच्या काडीवर जुळवले, आणि मग तिथून पाय हलवला नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे झुकलो असतो तरी ते गेले असते.

मिस्सेच्या मध्यावर सगळे उठले. काकांना उठवेना. काकूही मग उठल्या नाहीत. त्यांनी नुसता आपला हात काकांच्या हातावर ठेवला आणि दोघे तसेच समोर बघत राहिले. आम्ही श्वास सोडला आणि तीन वेळा बटण दाबले. तिसरे चित्र जमले. त्यात काकूंचे डोळे स्पष्ट आहेत, दोन्ही हात स्पष्ट आहेत, काकांच्या करंगळीवरची यंत्राची जुनी खूणही दिसते. मागचे सगळे विरघळलेले आहे. उजेड जेवढा होता तेवढाच आहे. ते चर्च आतून दुपारसारखे दिसत नाही. सकाळी साडेआठचे, शांत आणि थोडे काळोखे दिसते.

चार महिन्यांनी काका गेले. तो फोटो आज त्यांच्या घरात भिंतीवर आहे. काकू एकदा म्हणाल्या, “ह्यात आम्ही दिसतो तसेच होतो रे त्या दिवशी.” आमच्या कामाला मिळालेली ह्याहून मोठी पावती आम्हाला ठाऊक नाही.

आणि ह्याच कारणासाठी शेवटी एक सावधगिरी सांगतो. वेगवान भिंगही खोटे बोलू शकते. ज्या भिंगाने अंधारातले दाखवता येते, त्यानेच शटर जास्त वेळ उघडे ठेवून अंधाराचा दिवस करता येतो. म्हणजे फ्लॅशने केलेली चूकच पुन्हा, फक्त अधिक सुबकपणे. त्या शेडच्या वादात पुढे आम्ही फोटो काढले ते डोळ्याला दिसत होते तितकेच काळोखे ठेवून, आणि सोबत प्रकाशमापकाचे आकडे लिहून. तेव्हा कुठे लेथवर दिवे लागले. काकांच्या लेथवरही लागले, पण तोवर त्यांच्या नोकरीची थोडीच वर्षे उरली होती.

तेव्हा चर्चमध्ये जाल तेव्हा आधी दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि बाकावर बसा. डोळ्यांना काय दिसते, कुठे दिसत नाही, हे लक्षात घ्या. मग भिंग उघडा. जे दिसत होते ते चित्रात आणा, आणि जिथे काळोख होता तिथे काळोख राहू द्या.